कांदळवनाने भरलेली शाळेची फी



तू बिश्वातच्या अंकासाठी झाडांवर काहीतरी लिहा आणि मुलांनाही कळेल असं लिहा, असं संपादकांनी सांगितलं. बदाम, डाळिंब, ऑलिव्ह यांच्यावर आपल्या अंकात अनेकांनी लिहून झालं आहे. म्हणून मी यंदा समुद्राच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या झाडांबद्दल लिहिते. आणि त्या झाडांच्या जिवावर ज्या मुलांची शाळा चालू राहिली, त्या मुलांबद्दल.

ज्यांचं बालपण अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण या भागांत गेलं त्यांना खारफुटी म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही त्या सगळ्याच झाडांना सरसकट तिवरं म्हणायचो. खरं म्हणजे त्यांत जाती पुष्कळ आहेत. तिवर आहे, चिप्पी आहे, कांदळ आहे, किरपा आहे. सरकारी कागदावर हल्ली सगळ्यांना मिळून कांदळवन म्हणतात. मुलांनो, ही झाडं खाडीच्या चिखलात वाढतात. भरती आली की अर्धी बुडतात आणि ओहोटी लागली की चिखलात शेकडो पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी टोकं दिसतात. ती तिवराची मुळं. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. कांदळाचं तर आणखीच नवल. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. लांब शेंगेसारखं रोप आईच्या अंगावर लोंबत राहतं आणि दिवस भरले की सुटून खाली चिखलात पडतं आणि तिथे रुजतं. माझी नोकरीची बरीच वर्षं प्रसूतिगृहात गेली, त्यामुळे बाळंतपण येणाऱ्या या झाडाबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा वाटतो.

या मुळांच्या जाळीत कोळंबी, खेकडे आणि कितीतरी माशांची पिल्लं लहानाची मोठी होतात. मोठे मासे तिथे शिरू शकत नाहीत. झाडं तोडली की माशांचं पाळणाघरच जातं. मग बाहेर समुद्रात जाळं टाकणाऱ्याच्या हाताला कमी लागतं.

हे कोळ्याला कळत नाही असं कोणी समजू नये. त्याला ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरी झाड तुटतं, कारण घरात पैसे लागतात. कशाला लागतात, हे एका ठिकाणच्या लोकांनी नीट विचारलं आणि त्यातून एक योजना निघाली. ते ठिकाण कोकणात नाही, आफ्रिकेत आहे. पण कोकणच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर पार पलीकडे आफ्रिकाच आहे. जुन्या काळी वाऱ्याच्या भरवशावर गलबतं आपल्या किनाऱ्यावरून मोंबासापर्यंत जात-येत असत. समुद्र तोच आहे.

मोंबासाच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर केनियाचं वाटामू नावाचं गाव आहे. गावामागे मिडा क्रीक नावाची मोठी खाडी आहे आणि तिच्या कडेने कांदळवन. तिथला समुद्र आणि खाडी १९६८ सालापासून राखीव आहेत. खाडीच्या आतल्या अंगाला अराबुको-सोकोके हे जंगल आहे, चारशे चौरस किलोमीटरांहून थोडं मोठं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशा जातीचं एवढं मोठं जंगल आता दुसरं उरलेलं नाही. त्यात एक गमतीदार प्राणी राहतो. आकाराने मांजराच्या पिल्लाएवढा, नाक सोंडेसारखं लांब आणि पाठीचा मागचा भाग सोनेरी. आणि खाडीच्या चिखलात खेकडे टिपणारे काळे-पांढरे पक्षी थव्याने येतात. हे सगळं बघायला परदेशी पाहुणे येतात.

पण जंगल आणि खाडी यांना लागून गिरियामा आणि स्वाहिली लोकांची गावं आहेत. मका लावायचा, छोट्या होडीतून मासे धरायचे, असं त्यांचं चालतं. घर बांधायला खारफुटीचे वासे, चुलीला लाकूड, विकायला कोळसा, कधी कोरड्यासाला जंगलातलं लहानसहान जनावर. बंदी असली तरी हे होत राहिलं. आणि पैशाची नड सगळ्यात मोठी केव्हा, तर मुलाला माध्यमिक शाळेत घालायच्या वेळी. केनियात २००३ साली सरकारी प्राथमिक शाळेची फी माफ झाली. पण त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आठवीनंतरची चार वर्षं माध्यमिक शाळेची. तिथे फी, गणवेश, पुस्तकं आणि पुष्कळदा वसतिगृहाचाही खर्च. वर्षभराची जमा एका हप्त्यात जायची. मग बाप कुऱ्हाड घेऊन निघाला तर त्याला काय म्हणायचं? वाशांच्या त्या मोळीत पोराचं वर्ष असतं.

तेव्हा तिथल्या आ रोशा केनिया या संस्थेने २००१ साली ही गाठ उलटी बांधली. आ रोशा ही निसर्गाचं काम करणारी ख्रिस्ती संस्था आहे, तिची सुरुवात पोर्तुगालमधली. त्यांनी योजनेचं नाव ठेवलं ॲसेट्स, म्हणजे ठेव किंवा मालमत्ता. कांदळवनातून पक्षी बघायच्या मचाणापर्यंत लाकडी फळ्यांची एक झुलती पायवाट बांधली. पाहुण्याने तिकीट काढायचं, पायवाटेवरून जायचं, पक्षी बघायचे. तिकिटाचे पैसे आणि देणगीदारांचे पैसे मिळून आजूबाजूच्या गावांतल्या मुलांची माध्यमिक शाळेची फी भरायची. मूल खाडीच्या किंवा जंगलाच्या कडेचं हवं, घरची परिस्थिती बेताची हवी आणि परीक्षेत चांगले गुण हवेत. आईबापांनी झाडं न तोडण्याचं, शिकार न करण्याचं वचन द्यायचं, सभांना यायचं, रोपं लावायची. शेकडो मुलं यातून शिकली.

मला यातली एक गोष्ट फार पटते. निसर्ग वाचवायला निघालेले लोक गावात येतात तेव्हा बहुधा हे करू नका, ते करू नका अशी यादी घेऊन येतात. ही माणसं फीची पावती घेऊन आली. झाडावर कुऱ्हाड ज्या कारणाने पडत होती, त्याच कारणाला हात घातला. आजार एका जागी आणि मलम दुसऱ्या जागी, असं त्यांनी केलं नाही.

हे सगळं मी माझ्या नातीला सांगत होते. बारा वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सफ्ता, पण बाबाने गुपचूप झाड तोडलं तर मुलीला शाळेतून काढणार का?"

बघा, मुद्द्याला हात घातला पोरीने. अशा प्रत्येक योजनेत हा अवघड प्रश्न असतोच. अट आईबापावर आणि बक्षीस मुलाला. अट मोडली तर शिक्षा कुणाला? माझं मत स्पष्ट आहे. दवाखान्यात बाप दारू पिऊन आला म्हणून आम्ही बाळाचा डोस कधी परत पाठवला नाही. डोस बाळाचा असतो. बापाला दोन शब्द सुनवायचे ते वेगळे, आणि ते मी पुष्कळदा सुनावलेही आहेत. शिष्यवृत्तीचंही तसंच हवं. एकदा मूल शाळेत घातलं की चार वर्षं त्याला हलवू नये. पुढल्या वर्षी त्या घराचा विचार करताना हवी तेवढी कडक चौकशी करा. आणि फी थेट शाळेत भरावी, रोख हातात देऊ नये. यावर मला भांडायला कोणी आलं तरी चालेल, अनुभवाने सांगते.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. तिकिटावर चालणारी शिष्यवृत्ती पाहुण्यांवर अवलंबून. २००८ सालच्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या आणि किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडली. २०२० साली करोना आला, विमानंच बंद झाली. गावकऱ्यांनी आपल्या बाजूने झाड राखलं होतं, पण पाहुणाच नाही तर तिकीट कोण काढणार? देणगीदार अशा वेळी लागतातच.

त्याच देशात, मोंबासाच्या दक्षिणेला गाझी नावाच्या उपसागरावर दुसरी तऱ्हा आहे. तिचं नाव मिकोको पामोजा. स्वाहिलीत मिकोको म्हणजे खारफुटी आणि पामोजा म्हणजे सगळे मिळून. कांदळवनाचा चिखल धुरातला कार्बन शोषून शतकानुशतकं धरून ठेवतो. धूर ओकणाऱ्या जगाने या राखणीचे पैसे द्यावेत, असा हा व्यवहार. २०१३ सालापासून गाझी आणि माकोंगेनी या दोन गावांनी ११७ हेक्टर कांदळवन राखलं आणि त्याची किंमत घेतली. पैसे कशावर खर्चायचे ते गाव ठरवतं. पाण्याची सोय झाली, शाळेला पुस्तकं मिळाली, शाळेची इमारत सुधारली. २०१७ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. इथे पाहुणा आला नाही तरी पैसा येतो, आणि कुणाच्या बापाची चौकशी करावी लागत नाही. पण इथे पैसा सगळ्या शाळेचा होतो. ज्या एका मुलीच्या घरी वसतिगृहाचे पैसे नाहीत तिचं नाव त्यात सापडेलच असं नाही. दोन्ही तऱ्हा एका गावात असत्या तर मला आवडलं असतं.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. तिथे काही झालं नाही असं मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडायला मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवनासाठी वेगळा कक्ष झाला. २०१७ पासून खाडीकाठच्या लोकांना खेकडे पाळणं, कालवं वाढवणं, शोभेचे मासे पाळणं यासाठी सरकारी मदत मिळू लागली. (आपल्याला खेकडे आणि कालवं चालत नाहीत हे खरं. दाविद राहाबीने नाही का आपल्या आजी-पणजींना सगळ्या तऱ्हेचे मासे रांधायला दिले, आणि त्यांनी खवल्या-परांचे तेवढे निवडून बाकीचे बाजूला काढले, तेव्हा त्याने ओळखलं ही माणसं कोण ते! पण आपल्याला चालत नाही म्हणून दुसऱ्याने पोट भरू नये असं थोडंच आहे.)

आणि डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने फार शहाणपणाची एक गोष्ट केली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित प्राणी सापडला तर कोळ्याने जाळं कापून त्याला सोडायचं, फोटो काढायचा आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. वाटामूलाही कासवांचं काम करणारी संस्था जाळ्यात कासव सापडल्याचा कोळ्याचा फोन आला की धावत जाते, कासव मोजून, बिल्ला लावून सोडते आणि कोळ्याला थोडे पैसे देते. पूर्वी जाळं फाटलं तरी कासवाला शिव्या आणि न फाटलं तरी त्याची आमटी, असा प्रकार होता.

तरी यात शाळा कुठे आहे? जाळ्याची किंमत मिळाली, मुलीच्या फीचं काय? महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाच्या पैशातून समुद्राचा अभ्यास करायला परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली आहे. चांगलं आहे, हवीच. पण ती मिळवायला आधी पदवी लागते, आणि पदवीच्या आधी दहावी-बारावी लागते. खालच्या पायऱ्याच नसतील तर कोळीवाड्यातलं मूल त्या माडीवर चढणार कसं?

आमच्या रेवदंड्याच्या शाळेत कोळीवाड्यातली एक मुलगी होती. गणितात नेहमी माझ्या पुढे. सातवीनंतर ती वर्गात आली नाही. वाटलं आजारी असेल, म्हणून मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "आता ती माझ्यासंगं बाजारात बसते गो बाय, धाकट्यांना कोण बघनार?" पुढे बाजारात ती दिसायची. हिशेब इतका पक्का की गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत सुट्टे पैसे हातात ठेवायची. माझ्या वडिलांनी मला मुंबईला नर्सिंगला पाठवलं आणि तिथून मी इकडे आले. तिला चार वर्षांची फी कुणी दिली असती तर ती काय झाली असती, याचा विचार मी अजूनही करते.

अशा शिष्यवृत्त्यांवर एक आक्षेप नेहमी घेतात. शिकलेलं मूल होडीवर परत येत नाही, मग समुद्राला त्याचा उपयोग काय? हा आक्षेप आपण तरी घेऊ नये. आपली आडनावंच बघा. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. मुलांनो, तुमच्या आडनावातही एखादं गाव लपलेलं असेल, घरी विचारून बघा. आपले पूर्वज तिथे घाणे चालवत, तेल गाळत. तिथून ते शाळेसाठी आणि नोकरीसाठी निघाले. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, तिला अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत मिळाली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. म्हणजे दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या पैशावर आपली मुलं शिकली आहेत. डॉ. जेरुशा झिराड घ्या. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचं. त्यांना भारत सरकारची परदेशात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लंडनला शिकून त्या परत आल्या आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, १९४७ पर्यंत. त्यांनी तेलाचा घाणा चालवला नाही म्हणून शिष्यवृत्ती फुकट गेली असं कोणी म्हणेल का? आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा त्यांचं नाव निघालं की मोठमोठ्या सिस्टर सरळ होऊन बसायच्या.

मिडा क्रीकच्या मुलांतली सगळी मासे धरायला परत येतील अशी अपेक्षा मी ठेवत नाही. कुणी मास्तर होईल, कुणी नर्स, कुणी शहरात दुकान टाकेल. पण गावी येईल तेव्हा आपली फी कोणत्या झाडांनी भरली हे त्याला ठाऊक असेल. धाकट्या भावाने कुऱ्हाड उचलली तर निदान ते बोलेल.

आता आपल्याला काय करता येईल, असं काही जण विचारतील. मोठ्या रकमांची गोष्ट मी करत नाही, आपल्यात बहुतेकांची पेन्शन किती असते ते मला माहीत आहे. पण हल्ली पुष्कळ घरांतून नातवंडांना सैन्यातून सुटल्यावर भारत दाखवायला नेतात. नवगावचं स्मारक, अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग, मग मुंबई आणि परत. त्यात दोन दिवस वाढवा आणि खाली रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी जा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी लोक खायचे, विकायचे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, त्यामुळे पैसा त्या घरात जातो. म्हणजे मिडा क्रीकच्या तिकिटासारखंच, फक्त त्यातून फी भरायची की छप्पर शाकारायचं हे घरची बाई ठरवते. शिष्यवृत्तीचा एक गल्ला तिथे वेगळा ठेवला तर फार बरं होईल, असं आपण पाहुणे म्हणून घरमालकिणीला आणि सरपंचांना तोंडाने सांगू शकतो. दहा पाहुण्यांनी सांगितलं तर अकराव्याच्या वेळी विचार होतो.

जायचं तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरा, आणि निघण्यापूर्वी पिल्लं निघताहेत का याची चौकशी करा. अंडी वाळूत साधारण दीड-पावणेदोन महिने राहतात. वाळू गरम असली की माद्या जास्त निघतात, थंड असली की नर, हे ऐकून आमच्या वॉर्डातल्या बायका हसल्या असत्या. पिल्लं पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात सोडतात. टोपलीखालून निघालेलं तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जातं, त्याला हात लावायचा नसतो. मुलांना हे आधी बजावून ठेवा. राहायची सोय साधी असते, घरगुती. शाकाहारी जेवण मागितलं तर मिळतं, त्यामुळे पानात काय वाढलंय हे विचारत बसावं लागत नाही.